मासा कोणता घ्यायचा? घरच्या वाढीच्या प्रयोगाआधीचा प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपते आणि शाळांमधून विज्ञान प्रदर्शनाच्या सूचना निघू लागतात. मग बारामतीत काय आणि इंदापुरात काय, रंगीत माशांच्या दुकानात पाठीवर दप्तर घेतलेली मुले आणि त्यांच्यामागे पाकीट चाचपणारे वडील दिसू लागतात. प्रकल्पाचे नाव बहुतेक वेळा ठरलेले असते : ‘आहाराचा माशांच्या वाढीवर होणारा परिणाम’. काचेची दोन गोल भांडी, दोन गोल्डफिश, एकाला दुकानातले खाद्य आणि दुसऱ्याला घरचा भात किंवा पोळीचा चुरा. महिन्याभराने कोण मोठा झाला ते बघायचे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात मी परीक्षक होतो. सातवीतल्या एका मुलीने तक्ता छान रंगवला होता. समोर दोन भांडी होती. एकात मासा, दुसरे रिकामे. निष्कर्ष असा, की घरच्या खाद्यावरचा मासा अठराव्या दिवशी मेला, म्हणून दुकानातले खाद्य चांगले. मी विचारले, “पाणी किती दिवसांनी बदललं होतंस?” ती म्हणाली, “सर, पाणी बदलायचं नाही असंच ठरवलं होतं. नाहीतर प्रयोगात फरक पडला असता.”

उत्तर चुकले होते, पण त्यामागचा विचार खरा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीचे सारे सारखे ठेवायचे, हे तिला बरोबर कळले होते. तिला एवढेच कोणी सांगितले नव्हते, की गोल्डफिश हा त्या भांड्यात राहणारा मासाच नव्हे. दुसरा मासा जगला तो निव्वळ नशिबाने. प्रयोग फसला तो तक्ता आखताना नाही. तो फसला होता दुकानात, मासा निवडताना.

म्हणून या प्रकल्पाची सुरुवात खाद्यापासून न करता माशापासून करायला हवी. चार-पाच आठवड्यांत डोळ्यांना आणि पट्टीला दिसेल इतकी वाढ होणारा मासा पाहिजे. त्याचे वय आपल्याला माहीत असले पाहिजे. सारख्या वयाची, जमल्यास एकाच आईची वीस-तीस पिल्ले एकदम मिळाली पाहिजेत. आपल्या भागातले पाणी त्याला मानवले पाहिजे. आणि प्रयोग संपल्यावर त्याचे काय करायचे, याचे उत्तर आधीच तयार असले पाहिजे. या शेवटच्या मुद्द्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. आपल्या भागात उजनी आहे, त्यामुळे तो सगळ्यांत महत्त्वाचाही आहे. त्याकडे पुढे येऊच.

आधी गोल्डफिशचा निकाल लावू. हा मासा कार्पच्या कुळातला. नीट जागा मिळाली तर वीतभर लांब होतो आणि दहा-दहा वर्षे जगतो. खातो खूप आणि घाणही तितकीच करतो. दुकानातला बोटाएवढा गोल्डफिश दोन महिन्यांचा आहे की उपासमारीने खुरटलेला आठ महिन्यांचा, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. असे दोन मासे घेऊन केलेली तुलना म्हणजे दोन अनोळखी माणसांना वेगवेगळे जेवण देऊन कोणाची उंची वाढते ते पाहण्यासारखे.

इथे एक समजूत खोडून काढायला हवी. ‘मासा भांड्याएवढाच वाढतो’ असे दुकानात सर्रास ऐकायला मिळते आणि ऐकणाऱ्याला त्यात निसर्गाची काही सोय असल्यासारखे वाटते. तशी सोय नाही. लहान भांड्यात माशाच्याच मलमूत्राने पाणी बिघडते, प्राणवायू कमी पडतो, हालचाल होत नाही, ताण वाढतो, आणि त्या सगळ्याचा परिणाम म्हणून वाढ खुंटते. आपल्याकडे कुपोषित मूल ठेंगणे राहते तेव्हा ‘घर लहान आहे म्हणून मूलही बेताचेच वाढले’ असे आपण म्हणत नाही. भांड्याएवढा राहिलेला गोल्डफिश बहुधा आजारी असतो.

दुसरा मोह ‘शार्क’चा. करड्या-चंदेरी रंगाचे, टोकदार परांचे, टाकीत सतत येरझाऱ्या घालणारे हे पिल्लू मुलांना हमखास आवडते. प्रत्यक्षात त्याचा शार्कशी काही संबंध नाही. तो पंगस, म्हणजे मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांच्या खोऱ्यांतला, आता आपल्याकडे शेततळ्यांत आणि पिंजऱ्यांत पाळला जाणारा मार्जारमासा. तो भराभर वाढतो हे खरे. वाढीच्या प्रयोगाला याहून चांगले काय, असे कोणालाही वाटेल. पण तो पूर्ण वाढला तर एक मीटरहून लांब होऊ शकतो. त्याला तळे लागते, डबा नव्हे.

गंमत म्हणजे या पंगसाच्या वाढीचा अगदी शास्त्रशुद्ध अभ्यास बारामतीतच चालतो. माळेगाव खुर्दला भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा विषयच दुष्काळ, उष्णता, क्षार असे निर्जीव कारणांनी येणारे ताण हा आहे. पिकांबरोबर तिथे माशांवरही काम होते. वाढलेले तापमान, पाण्यातला अमोनिया, शिसे किंवा आर्सेनिकसारख्या धातूंचे प्रदूषण यांनी पंगसाच्या वाढीवर आणि प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, आणि खाद्यात जस्त किंवा सेलेनियम घालून तो कमी करता येतो का, अशा स्वरूपाचे प्रयोग तिथल्या शास्त्रज्ञांनी केले आहेत. आपल्या घरच्या डब्यात नेमक्या याच गोष्टी न बोलावता येतात. तापमान आणि अमोनिया हे तिथे संशोधनाचे विषय आहेत. आपल्या प्रयोगात ते घुसखोर आहेत.

बाकीच्या माशांची नावे झटपट घेऊ. फायटर नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, शिवाय दुकानात येतात तेच पूर्ण वाढलेले. एंजल हद्दीवरून भांडतो. एक दोन दांडगे पोसतात, बाकीचे मागे पडतात. निऑन टेट्रा दिसायला देखणा, पण त्याला मऊ पाणी लागते आणि आपल्या बोअरच्या पाण्यात तो तग धरत नाही. कोय हा तर कार्पच. त्याला तळेच हवे. मॉली आणि प्लॅटी मात्र चालण्यासारखे आहेत. गप्पी मिळालेच नाहीत तर ते घ्यावेत.

झेब्राफिशवर थोडे थांबायला हवे, कारण वाचणाऱ्या मुलांनी हे नाव ऐकलेले असते. अंगावर निळे पट्टे असलेला हा बोटाच्या पेराएवढा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले आणि आज जगभर त्याच्यावर काम होते. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत हृदयाच्या वाढीचा आणि अवयव पुन्हा कसे घडतात याचा अभ्यास याच माशावर होतो. त्याची अंडी पारदर्शक, गर्भ वाढताना डोळ्यांनी दिसतो. मग घरी तोच का नको? अडचण त्याच्या पिल्लांची आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू इतके बारीक असते, की पाचव्या-सहाव्या दिवशी त्याला जे खायला लागते तेही सूक्ष्मदर्शकातूनच दिसावे. घरात ते जिवंत खाद्य रोज तयार करणे अनुभवी माणसालाही जड जाते. पहिल्याच आठवड्यात निम्मी पिल्ले गेली तर उरलेल्यांवरून वाढीचे काय सांगणार?

तर मग गप्पी.

हे नाव गप्पांवरून आलेले नाही. १८६० च्या दशकात त्रिनिदाद बेटावरून या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी या गृहस्थांचे ते आडनाव. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला हा मासा डासांच्या अळ्या खातो म्हणून जगभर नेला गेला आणि आपल्याकडेही गेली शंभरेक वर्षे आहे. आज महाराष्ट्रातल्या कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ अशी पाटी लावलेली सिमेंटची टाकी दिसते. डेंग्यू-हिवतापाच्या दिवसांत तिथूनच हे मासे गावातल्या साठवणीच्या टाक्यांत सोडायला दिले जातात. म्हणजे बऱ्याच वाचकांच्या गावात हा मासा दुकानात जायच्या आधीच हजर आहे. आरोग्य सेवकांना विचारले तर पोटुशी माद्या मिळूही शकतात.

गप्पी अंडी घालत नाही, पिल्ले देतो. मादी साधारण तीन ते चार आठवड्यांनी एकदा वीस, तीस, कधी त्याहून जास्त पिल्ले एकदम देते. एकदा नराची भेट झाली, की ती त्याचे बीज काही महिने साठवून ठेवू शकते. म्हणून एकटी आणलेली मादीही पुन्हा पुन्हा व्यालेली पाहून घरातले चक्रावतात. जन्मलेले पिल्लू सहा ते आठ मिलिमीटरचे, त्याच क्षणी पोहणारे आणि काही तासांत बारीक केलेले कोरडे खाद्य खाणारे असते. प्रयोगाला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या अटी या एका गोष्टीत बसतात. जन्मतारीख वहीत लिहिता येते. सगळी भावंडे एकाच दिवसाची. संख्या पुरेशी. आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांत वाढ झपाट्याची.

एक मात्र जपायचे. आई स्वतःचीच पिल्ले खाते. पिल्ले दिसताच तिला वेगळे करायचे, किंवा आधीपासूनच टाकीत दाट पाणवनस्पती ठेवायची.

प्रयोग छोटाच का ठेवायचा, याचेही उत्तर गप्पीच्या शरीरात आहे. साधारण पाच-सहा आठवड्यांपासून नर-मादी ओळखू येऊ लागतात. नराच्या पोटाखालचा पर लांबट, काडीसारखा होतो, शेपटीवर रंग चढतो आणि तो वयात आला की त्याची वाढ जवळपास थांबते. मादी मात्र वाढत राहते. पूर्ण वाढलेला नर तीन सेंटिमीटरच्या आसपास, मादी पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत. प्रयोग तीन महिने चालवला आणि एका डब्यात योगायोगाने माद्या जास्त निघाल्या, तर तो डबा ‘जिंकणार’, खाद्य कुठलेही असो. शिवाय तोवर नवी पिल्लेही व्हायला लागतील आणि मोजदादच बिघडेल. वाढीचा वेग नुसता खाण्यावर ठरत नाही, हे गप्पीनेच शास्त्रज्ञांना शिकवले आहे. डेव्हिड रेझनिक आणि जॉन एंडलर यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांत पाहिले, की जिथे मोठे शिकारी मासे आहेत तिथले गप्पी लहान असतानाच वयात येतात. धबधब्याच्या वर, जिथे तो धाक नाही, तिथे उशिरा आणि मोठे होऊन. मासे एका जागेहून दुसऱ्या जागी हलवून त्यांनी हा बदल काही पिढ्यांत घडतानाही पाहिला. म्हणूनच आपल्या प्रयोगात सगळी पिल्ले एकाच विणीची असावीत हा आग्रह.

आता पाण्याकडे वळू. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात वर्षानुवर्षे उसाला पाणी दिल्याने कित्येक शिवारांत जमीन आणि भूजल दोन्ही खारावले आहेत. इंदापूर तालुक्यात बोअरच्या पाण्याने तांब्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. निऑन टेट्राला हे पाणी जड जाते. गप्पी आणि मॉली मात्र जड, थोड्या क्षारयुक्त पाण्यात मजेत राहतात. इथे चूक होते ती उलट बाजूने. ‘माशाला शुद्ध पाणी’ म्हणून घरातल्या आरओच्या नळाचे पाणी डब्यात भरले जाते. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात आणि गप्पीला नेमके तेच हवे असतात. फार मचूळ नसेल तर बोअरचे किंवा नळाचेच पाणी वापरावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पसरट भांड्यात चोवीस तास ठेवून मग वापरावे. ठेवलेल्या बादलीवर मात्र पातळ फडके बांधावे. उघडी राहिलेली आणि कोपऱ्यात विसरलेली बादली आठ-दहा दिवसांत एडिस डासांची पिढी तयार करते. डास खाणाऱ्या माशाच्या निमित्ताने घरात डेंग्यू यायला नको.

क्षारयुक्त पाण्याची दुसरी बाजूही समजून घ्यावी. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. पाण्यात तो दोन रूपांत राहतो, एक फारसे त्रासदायक नसलेले आणि दुसरे विषारी. कोणते किती, हे पाण्याच्या सामूवर म्हणजे पीएचवर अवलंबून असते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो, जवळजवळ दसपट. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा सामू बहुतेक वेळा सातच्या वरच. तेव्हा पुस्तकात वाचलेले ‘आठवड्यातून एकदा पाणी बदला’ इथे पुरेसे नाही. जुन्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. नव्या टाकीत ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे आपला प्रयोग संपायची वेळ येते. यावर सोपा उपाय असा, की ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मागून आणावा, त्याचे सारखे तुकडे करून प्रत्येक डब्यात एक ठेवावा आणि दिवसाआड एक तृतीयांश पाणी बदलावे. काढलेले पाणी तुळशीला घालावे. अमोनिया तपासायचा छोटा संच दुकानात मिळतो. प्रकल्पाचा खर्च करायचाच असेल तर तो रंगीत दगडांवर न करता या संचावर करावा.

प्रश्न कोणता विचारायचा? ‘चांगले खाद्य विरुद्ध वाईट खाद्य’ मला स्वतःला पटत नाही. आपल्याला आधीच ठाऊक असते की भातावरचे पिल्लू खंगणार, आणि ते खंगताना महिनाभर बघत बसण्यात विज्ञान फारसे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा १९६० चा कायदा माणसाखेरीज कोणत्याही सजीवाला प्राणी म्हणतो. मासाही त्यात आला. मोठ्या विज्ञान स्पर्धांमध्ये तर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यावर काही करायचे असेल तर आधी लेखी परवानगी लागते, आणि मासा कणाधारी आहे. तेव्हा दोन्ही गट नीट जगतील असा प्रश्न घ्यावा. मला आवडणारा प्रश्न हा : दिवसाचे तेवढेच खाद्य एकदम दिले आणि तीनदा विभागून दिले, तर वाढीत फरक पडतो का? उत्तर कोणालाच आधी ठाऊक नसते, आणि उपाशी कोणीच राहत नाही.

त्यासाठी दहा लिटरचे, झाकणाला भोके पाडलेले सहा पारदर्शक डबे पुरतात. पिल्ले पहिले दोन आठवडे एकत्रच वाढवावीत. अशक्त पिल्ले याच काळात जातात. मग उरलेल्यांतून प्रत्येक डब्यात चार किंवा सहा, चिठ्ठ्या टाकून. जाळीला सोपी सापडतात ती सहसा मंद आणि लहान असतात, म्हणून ‘आधी सापडली ती पहिल्या डब्यात’ असे केले तर सुरुवातीलाच पक्षपात होतो. तीन डबे एकदा खाणारे, तीन डबे तीनदा खाणारे. सहा डबे कशाला, दोनच पुरतील, असे मुले आणि पालक दोघेही म्हणतात. एका डब्यातली सहा पिल्ले एकच पाणी पितात, त्यातले एक दांडगे निघाले तर बाकीच्या पाचांचा घास तेच पळवते. खिडकीशी असलेला डबा जास्त तापतो. म्हणून मोजायचा तो डबा, मासा नव्हे. दोनच डबे असतील तर फरक खाण्याचा की खिडकीचा हे कधीच कळणार नाही. दोन्ही गटांचे डबे एका आड एक मांडले की खिडकीचा वाटा दोघांना सारखा येतो.

खाद्य ‘चिमूटभर’ घालू नये. आजीची चिमूट आणि नातवाची चिमूट यांत दुपटीचा फरक असतो. सोनाराकडे किंवा बारीक काट्यावर बारीक कुटलेले एक ग्रॅम खाद्य मोजून घ्यावे. कागदावर पसरून जुन्या कार्डाने त्याचे दोन सारखे भाग करावेत, मग चार, आठ, असे सहा वेळा. चौसष्ट पुड्या होतात, प्रत्येकीत सुमारे १५ मिलिग्रॅम. सहा पिल्लांच्या डब्याला पहिले दोन आठवडे दिवसाला एक पुडी, पुढे दोन. तीनदा खाणाऱ्या डब्यांना तीच पुडी तीन वेळा मिळून संपवायची. तळाशी खाद्य उरलेले दिसले तर सगळ्याच डब्यांचे सारखे कमी करायचे आणि उरलेले नळीने ओढून काढायचे.

मोजमाप आठवड्यातून एकदाच. माशाला हातात धरून पट्टी लावू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की बुरशी धरते. उथळ पारदर्शक डबीखाली आलेखाचा कागद ठेवावा, डबीत बोटभरही नाही इतके, पिल्लू जेमतेम बुडेल एवढे पाणी घ्यावे आणि मोबाइल बरोबर वर सरळ धरून फोटो काढावा. पाणी खोल असेल तर प्रकाशाच्या वक्रीभवनाने मासा असतो त्याहून वर उचललेला आणि मोठा भासतो. लांबी तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंतच धरावी, शेपटीचा पर सोडून. तो फाटतो आणि नरांत उगीच लांब असतो. फोटोवरून मोजायला घरातल्या अशा कोणाला तरी बसवावे, ज्याला कोणता डबा कोणता हे सांगितलेले नाही. धाकटी बहीण या कामाला उत्तम. आपल्याला जे उत्तर हवे असते तिकडे आपला डोळा अर्धा मिलिमीटर सरकतोच, आणि इथे अर्धा मिलिमीटर म्हणजे पुष्कळ.

ते किती पुष्कळ, हे उदाहरणानेच पाहू. समजा, दोन आठवड्यांचे पिल्लू १० मिलिमीटरचे आहे आणि चार आठवड्यांनी ते १६ मिलिमीटरचे झाले. सहा मिलिमीटर वाढ ऐकायला किरकोळ वाटते. पण मासा नुसता लांब होत नाही, रुंद आणि जाडही होतो. लांबी १.६ पट झाली तर वजन ढोबळमानाने १.६ गुणिले १.६ गुणिले १.६, म्हणजे चौपटीहून थोडे जास्त. अठ्ठावीस दिवसांत वजन दोनदा दुप्पट झाले. दर चौदा दिवसांनी एकदा. आठवीतल्या घातांकाच्या धड्याचा एवढा जिवंत नमुना क्वचित सापडेल. तक्त्यावर लांबीसोबत हा आकडाही लिहावा.

आणि थंडीचे काय? प्रदर्शने डिसेंबर-जानेवारीत भरतात. दिवाळीनंतर आपल्याकडे पहाटेचा पारा भराभर उतरतो आणि दहा लिटरचा डबा खोलीबरोबर थंड होतो. माशाचे शरीर पाण्याच्या तापमानाचे असते. पाणी गारठले की भूक, पचन, वाढ सगळेच मंदावते. पाणी वीस अंशांच्या खाली गेले तर गप्पी एका जागी मरगळून राहतात. त्यामुळे चौथ्या आठवड्यात वाढ कमी दिसली तर खाद्याला दोष देण्याआधी तापमानाची वही पाहावी. रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या डब्यांचे तापमान लिहिलेले असेल तरच ही पाहणी करता येते. डबे जमिनीवर न ठेवता टेबलावर, भिंतीच्या आतल्या बाजूला, एकत्र आणि जाड चादरीच्या आडोशाला ठेवले तर दोन-चार अंश वाचतात. आणि रात्री वीज गेली, हवेचा पंप बंद पडला, तरी दहा लिटरमध्ये सहाच पिल्ले असतील तर काळजीचे कारण नाही. गप्पी पाण्याच्या वरच्या पातळीशी येऊन श्वास भागवू शकतो. दाटीवाटीने ठेवलेला गोल्डफिश अशा एका रात्रीत जातो.

एखादे पिल्लू मेलेच तर ते लपवू नये. ते वहीत तारखेसह लिहावे, कारण त्याने पुढचा हिशेब बदलतो : सहाच्या डब्यात पाच राहिली की प्रत्येकाच्या वाट्याला खाद्य आणि जागा जास्त येते आणि उरलेली पिल्ले अचानक ‘चांगली’ वाढताना दिसतात. एकाच डब्यात लागोपाठ मेली तर प्रयोग थांबवून सगळी पिल्ले चांगल्या पाण्यात हलवावीत आणि तक्त्यावर तसेच लिहावे. मी तरी अशा तक्त्याला जास्त गुण दिले असते.

हातांची काळजीही घ्यावी. माशांच्या टाकीत वाढणाऱ्या एका जातीच्या जिवाणूमुळे हाताच्या जखमेतून त्वचेवर गाठी येतात आणि त्या महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत. कापलेला किंवा खरचटलेला हात पाण्यात घालू नये, डबे स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नयेत, आणि काम झाले की साबणाने हात धुवावेत. अशी गाठ आलीच तर डॉक्टरांना ‘घरी मासे पाळतो’ हे सांगायला विसरू नये; ते कळले नाही तर निदानाला उशीर होतो.

प्रयोग संपल्यावर जे घडते ते मी पुष्कळदा ऐकले आहे. प्रदर्शन झाले, बक्षीस मिळाले किंवा नाही मिळाले, आता या माशांचे काय? ‘बिचाऱ्यांना मोकळे सोडू’ म्हणून कोणी कालव्यात ओततो, कोणी भिगवणकडे पक्षी बघायला जाताना बाटली सोबत घेतो. उजनीच्या पाण्यात असे मोकळे सोडलेले पाहुणे काय करतात, ते तिथल्या मच्छीमारांना विचारावे. चिलापी आफ्रिकेतला. तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज भिगवणच्या बाजारात त्याचे ढीग लागतात. त्याने पोट भरते, पण स्थानिक माशांची जागाही त्यानेच घेतली. त्याहून वाईट पाहुणा सकर. टाकीची काच साफ करतो म्हणून दुकानातून आणलेला, दक्षिण अमेरिकेतला हा खवल्यांचे चिलखत घातलेला मासा. टाकीत मावेनासा झाला की त्याला पाण्यात सोडले जाते. गेल्या काही वर्षांत तो उजनीत जाळ्यांना लागू लागला आहे. बाजारात त्याला कोणी विचारत नाही, आणि काटेरी परांनी तो जाळे फाडतो ते वेगळेच. जाळे विणायला लागणारे दिवस आणि पैसे मच्छीमाराचे, टाकी मात्र शहरातल्या कोणाची तरी.

गप्पीही परदेशीच. आरोग्य खाते त्याला सोडते ते घराच्या टाकीत, हौदात, बंद डबक्यात; नदी, ओढा, कालवा, धरण यांत नव्हे. म्हणून प्रयोग सुरू करायच्या आधीच आरोग्य केंद्रातल्या टाकीत जागा आहे का, हे विचारून ठेवावे. नसेल तर शाळेच्या हौदात चालतील का, ते मुख्याध्यापकांना विचारावे; दुकानदारही बहुतेक वेळा परत घेतात. नेताना पिशवीत त्याच डब्यातले पाणी घ्यावे आणि ती पिशवी नव्या टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून मग सोडावे. आणि हे दुपारी करावे, डिसेंबरातल्या सकाळी नव्हे. तेव्हा टाकीचे पाणी बर्फासारखे असते.